हात लावू नका

शर्यतीच्या शेवटच्या चढावर हेल्मीचा गळा मिटला. श्वास आत ओढला तशी नरड्यातून बारीक, लांबलचक शिट्टी निघाली आणि दोरीपलीकडची माणसं वळून बघायला लागली.

ती शिट्टी शाळेत सगळ्यांना पाठ होती. जेवणाच्या सुट्टीत केंड्रा तिची हुबेहूब नक्कल करायची. मग कोणीतरी ओरडायचं, "अरे किटली उतरवा, पाणी उकळलं!" अख्खं टेबल खिदळायचं. हेल्मीही हसायची. न हसणाऱ्याला त्या टेबलावर जागा नसते. सप्टेंबरपासून ती डबा घेऊन ग्रंथालयातल्या मागच्या कपाटाआड बसायला लागली. ती का येत नाही, हे कोणी विचारलं नाही.

आज तीच केंड्रा, संघाची कप्तान, टेकडीमाथ्यावर शेवटच्या रेषेपाशी तिची वाट बघत नाचत होती. प्रेमाबिमाने नाही. पाच मुली पोचल्या तरच संघाचे गुण धरतात, आणि त्यांच्या एवढ्याशा शाळेत पळणाऱ्या मुली पाचच होत्या. चौघी पोचल्या होत्या. पाचवी किटली होती.

"थांबू नकोस!" कोच बोडेट दोरीच्या कडेने धावत ओरडले. "सगळं डोक्यात आहे तुझ्या! पाय चालव, पाय!"

डोक्यात. दोन वर्षं तिने दम्याचा पंप ओढला होता, हात थरथरेपर्यंत. शाळेतली नर्स म्हणाली होती, मुलीला लक्ष वेधून घ्यायची सवय आहे. शेवटी ऑगस्टमध्ये, चार तासांवरच्या मोठ्या इस्पितळात तिला सरकत्या पट्ट्यावर पळवलं, नाकातून कॅमेरा घातला, आणि पडद्यावर सगळं दिसलं. श्वास घेताना उघडायला हव्यात त्या स्वरतंतूंच्या दोन पांढऱ्या पट्ट्या नेमक्या तेव्हाच मिटत होत्या. फुप्फुसं ठणठणीत. दारच लागत होतं.

"म्हणजे तसं काही नाहीच," गाडी सुरू करताना बाबा म्हणाले होते. बाबा, म्हणजे आर्नी लाहती, लाकडाचे ओंडके वाहणारा ट्रक चालवायचे. शब्दही ओंडक्यासारखा जपून उतरवायचे.

मग दर मंगळवारी दवाखान्यातल्या एक बाई तिला श्वास घ्यायला शिकवायच्या. नाकाने दोन छोटे हुंगे, मग ओठ गोल करून लांब फुंकर, गरम कॉफीवर मारतात तशी. "पण त्यासाठी थांबावं लागेल हं," बाई म्हणायच्या. "आणि भोवतीच्या लोकांना सांग, गोंधळ घालू नका." हे लोकांना सांगायचं कसं, श्वासच नसताना, ते बाईंनी सांगितलं नव्हतं. बाबा खोलीबाहेरच्या बाकावर टोपी डोळ्यांवर ओढून झोपलेले असायचे. दाराला कडी नव्हती. ते किलकिलंच राहायचं.

हेल्मी थांबली. गुडघे गोठलेल्या गवतावर टेकले.

"अगं बाई, पोर काळीनिळी पडली!" कोणाची तरी आई पर्समधून पंप काढत दोरीखालून वाकली. मागून आणखी दोघं-तिघं.

"हात लावू नका!" कोच केवढ्यांदा ओरडले. "कोणी बोट जरी लावलं तरी ती बाद! ती बाद म्हणजे आम्ही सगळे बाद!"

माणसं जागच्या जागी थिजली. लाल झेंडीवाला पंच येऊन बाजूला उभा राहिला, कोणी शिवत नाही ना ते बघायला. दोन वर्षांत पहिल्यांदाच पाठीवर थापटणारा हात नव्हता, तोंडात कोंबलेला पंप नव्हता. मधोमध ती आणि भोवती रिकामं गवत.

पण हुंगाच जमेना. शिट्टी आणखी बारीक झाली. डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचायला लागले. तिने मान वर केली.

दोरीला पोट टेकवून बाबा उभे होते. त्यांचा एक हात दोरीच्या अलीकडे आलेला आणि तिथेच अडकलेला. त्यांच्या नाकपुड्या दोनदा फुगल्या. मग जाड ओठ गोल झाले आणि थंड हवेत वाफेची लांब, पांढरी रेघ निघाली. पुन्हा दोन हुंगे. पुन्हा रेघ.

तिने ती रेघ धरली. एकदा. दोनदा. पाचव्यांदा घशात काहीतरी सैल झालं.

ती उठली.

रेषा ओलांडली तेव्हा तिच्या मागे कोणी नव्हतं. केंड्रा किंचाळली, चौघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, कोणीतरी फोटो काढला. "बघ!" कोच जाता जाता म्हणाले. "म्हटलं नव्हतं, डोक्यातच होतं?"

हेल्मी गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभी राहिली. आता शिवायला कोणाला बंदी नव्हती. कोणी आलं नाही.

मग समोर मातीने भरलेले दोन बूट येऊन थांबले, हातभर अंतरावर. तिने वर पाहिलं. बाबा तिच्याकडे बघत नव्हते. ते पंचाकडे बघत होते.

"आता हात लावला तर चालतंय का?"

पंच दोरी गुंडाळत होता. मान वर न करताच म्हणाला,

"केव्हाचंच चालतंय की."

बाबांनी हातमोजे काढले.