तिसऱ्या भोकातला सूर

आमच्या ह्यांना माउथ ऑर्गनच्या तिसऱ्या भोकातला सूर वाकवता येत नव्हता, आणि त्यापायी त्यांनी मला वेडं करून सोडलं होतं.

दोन रांगांचा मोठा बाजा ते लग्नाआधीपासून वाजवायचे. आमच्या अनसिंग गावात वरात असो की गणपती, कोणी नुसतं "गजेंद्र, होऊन जाऊ दे" म्हटलं की खिशातून बाजा बाहेर. मग एकदा मोबाइलवर कोणी मास्तर दिसला. त्याच्या हातात चिमुकला दहा भोकांचा बाजा, आणि त्यातला सूर माणसासारखा कण्हत होता. झालं! तसलाच बाजा घरी आला. मास्तर सांगायचा, ओठांनी एकेक भोक धरणं हा पोरखेळ. जिभेनं तीन भोकं झाका आणि तोंडाच्या कोपऱ्यातून चौथं वाजवा. ह्यांच्या जिभेला फोड आले. घरातला ठेचा बंद झाला, मला आळणी वांगी रांधावी लागली. पण जमलं. जीभ उचलली की सगळे सूर एकदम घुमायचे, टेकवली की एकटा सूर पुढं चालायचा. ऐकायला गोड वाटायचं, खोटं कशाला बोलू?

वाकवणं मात्र जमेना. जिभेचं टोक भोकांवर तसंच ठेवायचं, श्वास आत ओढायचा आणि जिभेची मागची बाजू घशाकडे दाबायची. मग सूर खाली घसरतो. तिसऱ्या भोकात तो अर्ध्यावर थांबवता यायला हवा. ह्यांचा एक तर घसरायचाच नाही, नाही तर धपकन तळाला जायचा. मी विहिरीजवळच्या शेडमध्ये मेथीच्या जुड्या बांधत बसायची आणि अडलेल्या म्हशीसारखा तो आवाज ऐकायची.

अशात आमचे शेजारी पुंजाजीकाका गेले. त्यांचं घर आमच्या घराला लागून, वावर आमच्या वावराला लागून. आमचा पाट फुटला तर ते बांधायचे, त्यांचा सांबार, म्हणजे कोथिंबीर, आमच्या गाडीतून बाजारात जायचा. मागं केशरकाकू एकटी राहिली.

आमच्याकडे भेटीला आलेल्या प्रत्येक बाईच्या गळ्यात पडून घरधनीण मोठ्यानं रडते. गेलेल्याचे गुण सांगत, सुरावर रडते. ते आटोपलं की डोळे पुसून विचारते, गाडी लवकर भेटली का, चहा घेता ना. शहरातल्या माणसांना हे नाटक वाटतं. वाटू दे. एकटीनं रडून दुःख सरत नाही, म्हणून आम्ही ते असं वाटून घेतो.

काकूचा आवाज मुळातच उंच. "माह्या धन्या वं" म्हणताना तो वर चढायचा, मग घसरायला लागायचा, आणि नेमका अर्ध्यावर अडायचा. तिथं तिचा श्वास आत ओढला जायचा.

आमचे हे पहिल्या दिवशी अंगणात पुरुषांत बसून घरी आले आणि म्हणाले, "सुप्रिया, काकू मधातच थांबते. आयकलं का तू? श्वास आत घेते अन् थांबते. मले तेच तं जमून नाही राह्यलं!"

"लाज वाटते का काही?" मी म्हणाले. "माणूस गेलं तिचं!"

तरी दुसऱ्या दिवशी ते पुन्हा जाऊन बसले. तिसऱ्याही. पाहुण्यांची जीप आली की हे हातातला पाइप टाकून आधी तिकडं. सारी आळी म्हणायला लागली, शेजारी असावा तर गजेंद्रसारखा, सख्खा पुतण्याही एवढा बसत नाही. काकूच्या विहिणबाईंनी माझ्यासमोर त्यांचं कौतुक केलं. आणि मी काय केलं? पदर सावरून हसले. मला ते कौतुक आवडलं. मालेगावची मंडळी येणार असल्याचं कानावर आलं तेव्हा मीच ह्यांना म्हणाले, "चाला, बसाले जा." ते कशासाठी जातात हे त्या आळीत मला एकटीला ठाऊक होतं.

तेरवीच्या आधीच ह्यांना सूर सापडला. शेडमध्ये डोळे मिटून वाजवत होते. वर चढला, घसरला, अर्ध्यावर थांबला. तो आतला हुंदकासुद्धा आला. मी जुडी खाली ठेवून वर पाहिलं. बांधावर केशरकाकू उभी होती. तिची कालवड दावं तोडून आमच्या मेथीत शिरली होती, तिच्यामागं ती आली होती.

ह्यांनी डोळे उघडले. काकू म्हणाली, "हे माहं रडणं हाय ना, गजेंद्र?"

ह्यांनी बाजा तोंडावरून खाली घेतला.

"बरं जमलं," ती म्हणाली आणि कालवडीला हाकत निघून गेली.

"आवडलं वाट्टे तिले," हे म्हणाले. मी बाजूला पडलेला विळा त्यांच्या पायाशी फेकला. लागला नाही, एवढंच.

त्यानंतर मानोऱ्याहून सीताबाई आली, काकूची पाठची बहीण. तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरनं प्रवास बंद ठेवला होता आणि रडूही नको म्हणून सांगितलं होतं, म्हणून ती उशिरा आली. काळा चष्मा लावलेली, जावयाचा हात धरून. सगळी आळी जमली, कारण दोघी बहिणींचा एकमेकींवरचा जीव सगळ्यांना माहीत होता. सीताबाईनं फाटकातच हंबरडा फोडला आणि काकूच्या गळ्यात पडली.

काकूनं तोंड उघडलं. आवाज वर निघाला. तेवढ्यात तिची नजर अंगणातल्या पुरुषांवर गेली. तिथं आमचे हे बसले होते, मान पुढं काढून. तिनं तोंड मिटून घेतलं.

ती कोरडी उभी राहिली. बहीण एकटीच रडत होती आणि काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, लेकराला झोपवल्यासारखा. बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. माझ्या बाजूची कुजबुजली, "अवं, सख्ख्या बहिणीजवळ रडत नाही? नवऱ्याचं काही वाटते का नाही हिले?" सीताबाईनं चष्मा काढला आणि बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं. "बाई, तू माह्यावर नाराज हायस का वं?" तिनं विचारलं.

काकूनं नुसती मान हलवली. ती काय सांगणार होती? सांगायला मी होते, आणि माझी जीभ टाळूला चिकटली होती. एवढ्या बायांत नवऱ्याचं नाव कसं घ्यावं, याच विचारात मी उभी. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग मी बायांतून वाट काढत पुरुषांत गेले आणि सगळ्यांदेखत ह्यांचा दंड धरला.

"उठा."

"काहून? काय झालं?"

"उठा म्हणते ना! तुमी इथं हाय तोवर ते बाई रडू शकत नाही."

लोक बघत राहिले. ह्यांचा चेहरा उतरला. कळलं त्यांना, त्याच क्षणी कळलं. मान खाली घालून ते माझ्यामागं चालायला लागले. फाटकाबाहेर आलो, आळीच्या वळणाशी पोचलो, आणि मागून काकूचा आवाज उठला. इतक्या दिवसांत काढला नव्हता असा. वर चढला, घसरला.

मी ह्यांच्याकडे वळून पाहिलं. डोळ्यांतून धार लागली होती. लाज होती ती, मला कळत होतं. पण त्यांचा जबडा हळूच खाली गेला, घशाची घाटी हलली, आणि मिटल्या तोंडात त्यांची जीभ मागं मागं सरकायला लागली.

मी त्यांना ओढत नेलं. पण अर्ध्यावर काकूचा श्वास अडला, तेव्हा मीही कान देऊन थांबले.