खेचराचं दूध

चर्चसमोरच्या पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती, तरी कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. मधोमध एक खेचर उभं होतं, त्याच्याशेजारी शिंगरू. खेचर व्यालं होतं म्हणे! आमच्या पोआतूत, फ्रान्सच्या या भागात, पिढ्यान्‌पिढ्या खेचरांची पैदास चालते. खेचर वांझ असतं हे इथे शाळेत शिकवावं लागत नाही. पण ट्रॅक्टर आले, खेचरांचा बाजार बसला आणि लोक कशावरही विश्वास ठेवायला तयार झाले.

कुठल्याही मठाचा नसलेला, पण साधूचा झगा मिरवणारा आणि स्वतःला ‘बंधू’ म्हणवणारा एव्हारिस्त दुधाच्या बाटल्या वाटत होता. "वांझ जनावराला पान्हा फुटलाय, लेकींनो! हे दूध प्या, कूस उजवेल. मात्र दूध पिऊन जी डॉक्टरच्या सुरीखाली जाईल, ती टेबलावरून उठणार नाही!"

माझी धाकटी बहीण ओदील पहिल्याच रांगेत होती, पांढरीफटक. गर्भाशयात गाठ, महिनोन्‌महिने रक्तस्राव. शस्त्रक्रिया लांबवाल तर जीव जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. या माणसाच्या धाकाने तिने ती रद्दच केली होती. मला त्याची मान पिरगाळावीशी वाटत होती.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. पुढे होऊन म्हटलं, "खेचराला बीजांडच धड तयार होत नाही. बीजांड बनताना पेशीतली आईकडची नि बापाकडची गुणसूत्रं जोड्या लावतात, आपसांत तुकडे बदलतात, मग निम्मी निम्मी वेगळी होतात. खेचरात घोडीची बत्तीस, गाढवाची एकतीस. जोड्या नीट जुळत नाहीत आणि काम तिथेच अडतं."

"बाई, शास्त्रालाही अपवाद असतात," तो गोड हसला.

"असतात ना, क्वचित. मग या अपवादाचं दूध काढून दाखवा. इथे, सगळ्यांसमोर."

"संशयी नजरेसमोर पान्हा आटतो."

"गप्प बसा की मास्तरीणबाई!" शेतकरी फिर्मां ओरडला. "सख्ख्या बहिणीचं भलं झालेलं बघवत नाही काय?"

ते वर्मी लागलं. मी वाद सोडला आणि शिंगराची दोरी सोडली.

भुकेलं शिंगरू खेचराच्या पोटाशी गेलंच नाही. ते तडक एव्हारिस्तच्या बंद ट्रककडे पळालं आणि दाराला धडका देऊ लागलं. आतून घोडी खिंकाळली. दार फिर्मांनेच उघडलं. घोडीची कास तट्ट फुगलेली, पायांवर दुधाचे ओघळ. शिंगरू तिला लुचू लागलं. इकडे खेचर त्याच्यासाठी दोरी तोडायला बघत होतं.

"अरे देवा," फिर्मां पुटपुटला. "मादी खेचर दुसऱ्याचं शिंगरू पळवते, आपलं म्हणून सांभाळते. माझ्याच कुरणात झालंय हे!"

बहुतेकांच्या कुरणात झालं होतं. ठाऊक असूनही कुणाला ते आठवायचं नव्हतं. एव्हारिस्तला लोकांनी ट्रकपाशीच अडवलं.

ओदील मात्र जागची हलली नाही. "ताई, डॉक्टर म्हणतात गर्भाशय काढावं लागेल. हा म्हणाला होता, मूल होईल."

"ठाऊक आहे गं मला."

"तुम्ही सगळ्यांनी मला शहाणपण सांगितलं. आशा तेवढी यानेच दिली." तिने बाटली माझ्या हाती दिली. "चल आता. उभं राहवत नाही." तिच्या बुटांपर्यंत रक्त उतरलं होतं.

ती वाचली, अगदी थोडक्यात. मूल मात्र झालं नाही. चमत्कार सांगणाऱ्याला म्हणा, तपासू दे. तो नाही म्हणाला की उठून या. आणि तुमच्या घरात कुणी असं दुःख गिळत बसलं असेल, तर भोंदू तिथे पोचण्याआधी तुम्ही तिच्याजवळ जाऊन बसा. मी बसले नव्हते.