भुऱ्याच्या सोबतीचा व्हिडिओ

मी एक जुना व्हिडिओ आहे, टीव्हीला जोडून कॅसेट लावायचे यंत्र. नाशिकरोडला नजीरभाईंच्या कॅसेटच्या दुकानात मागच्या फळीवर मी पडून असतो. माझे झाकण उचकटलेले आहे. आतले भाग एकेक करून दुसऱ्या व्हिडिओंना गेले. मित्रांनो, माझ्यातून आता एकही चित्र दिसणार नाही. पण मी जे पाहिले ते सांगू शकतो.

माझा जन्म जपानमधल्या कारखान्यात झाला. नजीरभाईंचे मेहुणे कुवेतला कामाला होते. त्यांनी १९८२ साली मला घोंगडीत गुंडाळून इकडे आणले. तेव्हा व्हिडिओ असलेली घरे फार थोडी होती. बारसे असो, पूजा असो, लोक मला आणि रंगीत टीव्हीला भाड्याने नेत. सायकलच्या कॅरिअरवर खाली उशी बांधून मला बसवत. माणसे मला हार घालत, कुंकू लावत.

लोकांना मारामारीचे सिनेमे हवे असत. माझ्यातून किती डोकी फुटली, किती गळे कापले गेले, त्याचा हिशेब नाही. हरसूलला एकदा शेवटच्या मारामारीत लाइट गेली. नजीरभाईंनी मुद्दाम बंद केले असे कोणीतरी ओरडले. खुर्च्या उडाल्या. नजीरभाई मला वाचवायला माझ्यावर पालथे पडले आणि एक खुर्ची त्यांच्या डोक्यात बसली. त्यांचे रक्त माझ्या झाकणावर सांडले. ते गरम होते. पडद्यावरचे रक्त मी पुष्कळ दाखवले होते, पण ते गरम असते हे मला तेव्हा कळले.

पुढे माझ्या चित्रात रेघा येऊ लागल्या. दुकानात नवे व्हिडिओ आले. मला कापडाखाली ठेवले. वर्षभर कोणी हात लावला नाही. मग एक दिवस झुंबर आला आणि मला घरी घेऊन गेला.

झुंबर मनमाडला रेल्वेच्या कारखान्यात कामाला होता. रोज सकाळी गाडीने जाई, संध्याकाळी येई. त्याची बायको लंकाबाई मुलांच्या वसतिगृहात स्वयंपाक करी. त्यांना मूलबाळ नव्हते. घर म्हणजे चाळीतल्या दोन खोल्या, त्यात एक टीव्ही. आणि त्यांच्याकडे एक कुत्रा होता, भुऱ्या.

भुऱ्या आधी एका कांद्याच्या गोदामात होता. तिथला राखणदार त्याला आत कोंडून पट्ट्याने मारी. भुंकला की मारी, नाही भुंकला तरी मारी. एकदा तारेने बांधलेला पाय सोडवून तो पळाला आणि गटारात पडून राहिला. कामावरून येताना लंकाबाईने त्याला उचलून आणले. त्याच्या पाठीवर पुन्हा केस न उगवलेल्या लांब रेघा होत्या. घरात माणूस असले की भुऱ्या गुपचूप असे. पण दाराला बाहेरून कुलूप लागले की त्याला गोदाम आठवत असावे. तो रडे, दारावर उड्या घेई, कडीला दात लावी. त्याचे तोंड रक्ताने भरे.

भिंतीपलीकडे पुंजाराम राहत होता. तो रात्रपाळीचा कामगार. रात्रभर भट्टीपुढे उभा राहून सकाळी झोपायला यायचा, तेव्हाच भुऱ्याचे रडणे सुरू व्हायचे. पुंजारामचे डोळे लाल असत. तो लंकाबाईला म्हणाला, "वहिनी, मी दोन महिने झोपलो नाय. या कुत्र्याला कुठं तरी सोडा, नायतर एक दिवस मी त्याला पाइपानं ठेचतो. मग मला बोल लावू नका."

"भाऊ, तो मार खाल्लेला हाय," लंकाबाई म्हणाली.

"अन् मी काय पेढे खाल्लेत का?"

यासाठी झुंबरने मला आणले होते. त्याचा विचार असा की दिवसभर मोठ्या आवाजात सिनेमा लावून जायचे. कुत्र्याला वाटेल घरात माणसे आहेत, आणि रडला तरी पुंजारामला ऐकू येणार नाही. त्याने सगळ्यांत मोठ्या आवाजाची कॅसेट मागितली. ती अर्थातच मारामारीची होती.

पहिल्याच दिवशी पडद्यावर एका माणसाला चाबकाने मारले. चाबकाचा आवाज ऐकून भुऱ्या पिसाटला. त्याने टीव्हीवर झेप घेतली, गोधडी फाडली, दारावर आपटून एक दात मोडून घेतला. पलीकडे पुंजारामला आता कुत्रे आणि गोळीबार दोन्ही ऐकू येत होते. तो पाइप घेऊन आला. कुलूप होते म्हणून त्याने खिडकीच्या गजांतून पाइप घातला आणि भुऱ्याच्या बरगड्यांत मारला. एकदा, दोनदा, मग मोजता येणार नाही इतक्या वेळा. भुऱ्या पलंगाखाली गेला तेव्हा तो थांबला. मग गजाला धरून उभा राहिला आणि रडायला लागला. झोपेवाचून माणसाचे काय होते ते मी त्या दिवशी पाहिले.

लंकाबाईने भुऱ्याला हळद लावली आणि ती नजीरभाईंकडे गेली. त्यांना सगळे सांगितले. नजीरभाई लग्नाचे शूटिंगही करत. त्यांच्याकडे एक लग्नाची कॅसेट पडून होती, कोणी न्यायला न आलेली. त्यात पंगत होती. माणसे जेवत होती, बायका वाढत होत्या, मुले पाणी पाणी करत होती. ती लावल्यावर भुऱ्या पलंगाखालून बाहेर आला आणि टीव्हीपुढे बसला. त्याला चित्र दिसत होते की नाही ते मला माहीत नाही. आवाज मात्र त्याला कळत होता.

हे ऐकून नजीरभाई एक दिवस कॅमेरा घेऊनच आले. म्हणाले, "भाभी, परक्याच्या लग्नापेक्षा तुमचंच शूटिंग करू. तुम्ही रोजचं काम करा. माझ्याकडं बघू नका."

"अन् भाकरी करपली तर?"

"तर हिरॉइनची भाकरी करपली म्हणायचं."

"हिरॉइन म्हणे! आमच्या यांना विचारा, त्यांनी कधी धड तोंड बघितलंय का माझं."

झुंबर दारात उभा राहून हसत होता. तीन तासांची कॅसेट भरली. लंकाबाई पीठ मळते, भाकरी थापते, लसूण सोलते, भांडी घासते, आणि मधे मधे म्हणते, "भुऱ्या, बस खाली. आलेच मी."

त्या कॅसेटने भुऱ्याला निजवले. तो टीव्हीपुढे पाय पसरून पडे. कॅसेट संपली की मात्र पुन्हा रडू लागे. म्हणून लंकाबाईने घराची एक किल्ली पुंजारामला दिली. रडणे सुरू झाले की पुंजाराम अर्ध्या झोपेत येई, कॅसेट मागे फिरवी, बटण दाबी, भुऱ्याला एक शिवी देई आणि परत जाऊन झोपे. "वहिनी, तुमच्या कुत्र्याचा ऑपरेटर झालो मी," असे तो म्हणे. पण त्याचे डोळे आता लाल नसत. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यांत चांगले वर्ष होते. मारामारी दाखवून मला जेवढी टाळी मिळाली नव्हती तेवढे समाधान भाकरी दाखवून मिळाले.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी वसतिगृहात पंपाचा स्टोव्ह फुटला. लंकाबाई त्याच्यासमोर बसली होती. तिची साडी नायलॉनची होती. ती पेटली आणि अंगाला चिकटली. बाई पळाली, पळाल्याने आग वाढली. लोकांनी पोती टाकून विझवली तेव्हा चेहरा तेवढा राहिला होता. त्याच वेळी मी इकडे तिला भाकरी थापताना दाखवत होतो आणि भुऱ्या शेपटी हलवत होता. मला काही कळले नाही. यंत्राला कळत नाही.

ती तीन दिवस दवाखान्यात ओरडत होती. मग गेली.

दिवस झाले, पाहुणे गेले. झुंबर कामावर जाईना. आतल्या खोलीत फरशीवर पडून राही. तो घरात असूनही भुऱ्याकडे बघत नसे, भाकरी टाकत नसे. एका सकाळी भुऱ्या रडू लागला. पुंजाराम नुकताच पाळीवरून आला होता. झुंबर आज कामावर गेला असे त्याला वाटले. दाराला कुलूप नव्हते, नुसते लोटलेले होते, तेही त्याच्या झोपाळू डोळ्यांना दिसले नाही. तो सवयीने आत आला, सवयीने बटण दाबले आणि गेला.

लंकाबाई पडद्यावर आली. भुऱ्या उठला, काचेला नाक लावून चाटू लागला. ती म्हणाली, "भुऱ्या, बस खाली. आलेच मी."

झुंबर आतून आला. दारामागे पहार होती, ती त्याने उचलली.

"कुठं येतीस?" तो ओरडला. "कुठं येतीस गं?"

पहिला घाव भुऱ्याच्या मागच्या पायावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसऱ्या घावाने टीव्हीची काच बंदुकीच्या बारासारखी फुटली. नंतरचे घाव माझ्यावर. माझे झाकण आत दबले आणि कॅसेट माझ्या पोटात अडकली. मग त्याने पुन्हा भुऱ्यावर पहार उचलली. भुऱ्याने गोदामात कोणाचा चावा घेतला नव्हता, पुंजारामचा घेतला नव्हता. आता त्याने झुंबरचा हात मनगटाशी धरला आणि दात रुतवले. दोघे काचांवर पडले. पहार सुटली, तेव्हाच भुऱ्याने हात सोडला. मग तो तोंड वर करून रडू लागला आणि झुंबरही रडू लागला. पुंजाराम नंतर सांगायचा, भिंतीपलीकडून त्याला कुत्रा कोणता आणि माणूस कोणता ते ओळखू येईना.

तो पाइप घेऊन धावत आला. झुंबरच्या हातातून रक्त गळताना पाहून त्याने पाइप भुऱ्याच्या डोक्यावर उगारला.

झुंबर भुऱ्यावर आडवा पडला. "मारू नको," तो म्हणाला. "तिचं हाय ते."

दवाखान्यात झुंबरला पोटात इंजेक्शने सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा. तो जगला तर पिसाळलेला नाही. चाळीतले लोक म्हणत होते, लक्ष कशाला, आत्ताच मारून टाका, आमची पोरे आहेत. लाठ्या घेऊन काहीजण दारात आले. त्यांच्यात शेजारची म्हातारी भागीबाई पुढे होती.

"झुंबर, बाजूला हो. उद्या दुसऱ्याला चावला म्हणजे?"

"मावशे, मी त्याचा पाय मोडला तवा चावला. त्याच्या जागी तू काय केलं असतं?"

झुंबर दारातच बसला, पहार मांडीवर आडवी घेऊन. पुंजाराम रात्रपाळीवरून आला की त्याच्याजवळ बसे आणि बसल्या बसल्या झोपे. भुऱ्याच्या पायाला फळकुटे बांधली होती. त्याला पाणी झुंबरच पाजी. त्या दहा दिवसांत टीव्ही नव्हता, मी चालत नव्हतो, लंकाबाईचा आवाज नव्हता. भुऱ्या एकदाही रडला नाही. झुंबरच्या मांडीपाशी तोंड ठेवून पडून राही. अकराव्या दिवशी तो जिवंत होता आणि लाठ्या घरोघर परत गेल्या.

मग झुंबरने मला नजीरभाईंकडे आणले. नजीरभाई मला बघून म्हणाले, "कॅसेट आत अडकलीय. व्हिडिओ नीट करायचा तर फीत कापून काढावी लागेल. फीत वाचवायची तर हा फोडावा लागेल. काय करू?"

"फोडा," झुंबर म्हणाला.

त्यांनी पकडीने मला उचकटले. मला वाईट वाटले असे म्हणणार नाही. फीत बरीचशी वाचली. झुंबर ती कधीमधी दुकानात येऊन बघतो. भाकरीपर्यंत बघतो आणि उठतो. त्या वेळी तो भुऱ्याला बाहेर पायरीवर बसवतो.

मित्रांनो, माझ्यासारखी यंत्रे आता घरोघर येतील. त्यांच्यापुढे मुलांना बसवतील, म्हाताऱ्यांना बसवतील, कुत्र्यांना बसवतील. बसवा. आम्ही बोलतो, हसतो, वेळ घालवतो. पण आमच्या भरवशावर कोणाला कुलपात ठेवून जाऊ नका. ज्याने मार खाल्ला आहे त्याला तर मुळीच नाही. त्याला पाणी पाजायला, त्याच्यावर आडवे पडायला हात लागतात, आणि ते आम्हाला नाहीत.

झुंबर आता रोज भुऱ्याला मनमाडला नेतो. गार्डसाहेबांच्या ओळखीने शेवटच्या डब्यात दोघांना जागा मिळते. दिवसभर भुऱ्या कारखान्याच्या फाटकापाशी बसतो. सकाळी स्टेशनकडे जाताना ते आमच्या दुकानापुढून जातात. भुऱ्या लंगडतो, म्हणून झुंबर हळू चालतो. भुऱ्या माझ्याकडे बघतही नाही. मला त्याचे काही वाटत नाही. त्याच्या शेजारून माणूस चालत असतो.