नजरेनंतरचा तुकडा

धुऊन आलेल्या आठव्या रिळात जोतीरामची बायको होती.

ती घरातून हललेली नव्हती. सकाळी तिनंच डबा बांधून दिला होता आणि उंबऱ्याशी उभं राहून, "ताक वेगळं दिलंय, सांडू नका," असं बजावलं होतं. कोल्हापुरातल्या त्या स्टुडिओची पायरी शालन कधी चढली नव्हती. तरी गावच्या चौकाच्या सेटवर हिरो चंद्रहास आपलं वाक्य बोलून उजवीकडं निघून गेला, चौक मोकळा झाला, आणि डावीकडून शालन आली. ओले हात तिनं पदराला पुसले. मग उजवीकडं बघितलं, आणि बघतच राहिली.

जोतीरामनं पायाखालची पट्टी सोडली. मशीन थांबलं. एडिटरनं फिल्म बघायचं, शिवणयंत्रासारखं पायानं चालवायचं ते मशीन. वर तळहाताएवढी काच, आणि त्या काचेत तळहाताएवढी शालन.

हसत होती म्हणावं तर ओठ हलले नव्हते. ज्वारीच्या कोवळ्या दाण्यात दूध भरत जावं तसं तिच्या चेहऱ्यात काहीतरी भरत चाललं होतं. असं तिनं जोतीरामकडं कधी बघितलं नव्हतं. हळदीच्या दिवशी नाही, की टायफॉईडमधून तो उठून बसला त्या दिवशीही नाही. दूधवाल्यानं "वहिनी बऱ्या हायत न्हवं?" विचारलं तरी ज्याचा घास अडकायचा, असा तो माणूस. त्यानं पट्टी पुन्हा दाबली. उजवीकडं काय आहे ते दिसायच्या आत तुकडा संपला.

शेजारच्या खोलीत बायजाक्का निगेटिव्ह कापायची. हातात पांढरे सुती मोजे, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. पडदा मुका होता त्या काळापासून ती या धंद्यात होती. तिनं आठव्या रिळाचं निगेटिव्ह काढलं, कडांना धरून दिव्यापुढं नेलं.

"हितं कोण न्हाई. चौक मोकळा हाय," ती म्हणाली. "तुझी बायकू नुसती धुतलेल्या प्रतीत आलीया."

"मग दुसरी प्रत काढली तर?"

"तीत चौकच येणार. आली तेवढीच समज." बायजाक्कानं मशीनशी येऊन काचेत वाकून पाहिलं. "बरी दिसतीया की. घरी कवा अशी बघती का रं?"

जोतीरामनं रीळ गुंडाळून घेतलं.

दिग्दर्शक बापूसाहेबांनी रीळ पाहिलं आणि विडी विझवली. "ही बाई ठेवा. हिरॉइनपेक्षा बरी आहे, पण तिकडं बोलू नका."

"ती माझी बायको आहे, साहेब."

"असू दे. पण बघते कुणाकडं? पब्लिक विचारणार. हिच्या नजरेनंतर काहीतरी लावा, जोतीराम. नजर अशी लोंबकळत ठेवता येत नाही."

संध्याकाळी तो घरी गेला तेव्हा शालन परसात कळशी घासत होती.

"आज चौकात काय करत होतीस?"

"कळशी ठेवून आले होते घटकाभर."

"उजवीकडं कोण होतं?"

"मला काय ठाऊक?" ती राख चोळत म्हणाली. "तुम्ही अजून जोडलंय कुठं?"

बायजाक्काचं म्हणणं तेच, फक्त जुनं. तिच्या लहानपणी मशीन नव्हतं. खिडकीच्या उजेडात फिल्म धरायची, नाकाच्या शेंड्यापासून बोटाच्या टोकापर्यंत मापायची, कात्रीनं कापायची. कापडवाल्यासारखं माप. "हातभर नजर म्हंजे माया," ती सांगायची. "वीतभर म्हंजे राग. आन् बोटभर म्हंजे भ्या. तेवढ्यावर अख्खं पिक्चर व्हायचं. नजर कोरी असती, जोत्या. तिच्यात काय हाय ते पुढचा तुकडा सांगतो." आणि पात्यानं फिल्म खरवडता खरवडता ती जात्यावर बसल्यासारखी गुणगुणायची:

*सांगते बाई तुला, नजरेला नाही गाव,*
*पुढं लागंल चित्र, तेच गं तिचं नाव.*

शालनची नजर हातभर होती. जोतीरामनं नाकापासून मोजून पाहिली.

"पर आधी ठरीव, मग चिकटीव," बायजाक्का म्हणाली. "जॉइंट उकलला की दोन्ही अंगाची एक एक फ्रेम जाती. हिची दुसरी प्रत न्हाई, ध्येनात ठेव."

ते जोतीरामला सांगायला नको होतं. टोकाची फ्रेम ओली करायची, पात्यानं तिच्यावरचं चित्र खरवडून खालची पारदर्शक पट्टी उघडी पाडायची, फिल्म चिकटवायच्या सिमेंटचा ब्रश फिरवायचा, दुसरा तुकडा वर दाबायचा. पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि दोन वेगळ्या दिवसांचं एक होतं. जन्मभर त्यानं हेच केलं होतं.

पहिल्यांदा त्यानं भाकरी लावली. दुसऱ्या रिळातला तुकडा होता: तव्यावर टम्म फुगलेली भाकरी. त्यात कुणाचं काय जातंय, असा त्याचा हिशेब.

घरी गेला तर शालन चुलीपुढं बसली होती आणि तव्यावरच्या भाकरीकडं तसं बघत होती.

"भाकरीकडं असं बघतात का?"

"भूक लागली की बघतात," शालन म्हणाली. तिनं भाकरी उचलली आणि डोळे मिटून खाल्ली. जोतीराम ताटावर बसून राहिला. त्याच्या पानातली भाकरी त्याला उतरेना. तिच्यात असं काय होतं जे आपल्यात नाही, हे तो घासाघासाला तपासत होता.

सकाळी त्यानं जॉइंट उकलला. फ्रेम गेली. संध्याकाळी शालननं पदर खांद्यावर घेतला, तेव्हा हात कमरेशी होता आणि मग एकदम खांद्यावर होता. मधला रस्ता नव्हता.

मग त्यानं घोडा लावला. घोडा स्वयंपाकघरात मावला, पण शेपूट पिठाच्या डब्यात जात होतं. शालन त्याच्या आयाळीवरून हात फिरवत होती.

"याला बाहेर काढ."

"मी कशी काढू? मी बघतेय त्याच्याकडं."

घोडा उकलला. विहीर लावली, देवघर आणि मोरीच्या मध्ये ती उघडली, आणि शालन काठावर वाकून पाण्यात बघत राहिली. जोतीरामनं तिच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं. पाण्यात तिचा एकटीचाच चेहरा होता. विहीर उकलली. पिंपळ लावला, रिकामी वाट लावली, महिनाभर रोज काही ना काही लावलं आणि उकललं, दुसऱ्याचं रडणारं मूल लावलं. मुलाच्या वेळी तिनं असं काही बघितलं की जोतीराम त्या दिवशी चहा न पिताच परत गेला आणि उभ्या उभ्या जॉइंट तोडला. प्रत्येक वेळी एक फ्रेम. शालन वेणी घालायला बसायची आणि वेणी घातलेली असायची. "अहो, ऐकलं का," म्हणायची, आणि जे ऐकायचं ते सांगून झालेलं असायचं.

"शेजारची विचारत होती, तू तुटक का बोलतीस म्हणून," ती एकदा म्हणाली.

"मग?"

"मी म्हटलं, यांचं काम चाललंय."

तरी एक तुकडा त्यानं लावला नव्हता. सातव्या रिळात विहिरीशी उभा असलेला चंद्रहास. तो कापडात गुंडाळून कोपऱ्यातल्या खिळ्यावर टांगला होता. जोतीरामची पाठ त्याच्याकडं असायची आणि पाठीला तो दिसायचा. चौकातून चंद्रहास उजवीकडंच गेला होता. एकदा बघून घ्यावं, असं वाटायचं. दुखऱ्या दातावर जीभ जावी तसं मन तिकडं जायचं.

शेवटी त्यानं तो काढला, ओला केला, खरवडला, चिकटवला.

घरी चंद्रहास पाटावर बसला होता. डोक्याला फेटा, ओठावर गोंदानं लावलेली मिशी, पुढ्यात आमटी-भात. शालन भिंतीला टेकून उभी होती आणि बघत होती. अख्खी ज्वारी भरून आली होती.

"पाणी आलं की मी निघेन," चंद्रहास म्हणाला.

"आलात का," शालन जोतीरामला म्हणाली. नजर हलली नाही.

"हा किती वेळ बसणार आहे?"

"पाणी आलं की मी निघेन," चंद्रहास म्हणाला. त्या तुकड्यात त्याच्याकडं तेवढंच वाक्य होतं. तो भुरका मारायचा आणि पुन्हा तेच म्हणायचा.

"देखणा आहे, नाही?" जोतीरामनं विचारलं.

"तुम्ही लावलाय म्हणून दिसतोय."

"आणि मी नसता लावला तर?"

"तर मी नुसती बघत असते," शालन म्हणाली. मग तशीच समोर बघत, "तुम्ही स्वतःला का नाही हो लावत कधी?"

"मी कुठल्या रिळात आहे?"

"तेच म्हणते मी."

तो तसाच आल्या पावली स्टुडिओत परतला. घाईत पातं तिरकं गेलं. एकीऐवजी चिमूटभर फ्रेम गेल्या. बायजाक्कानं उरलेला तुकडा हातात घेऊन मापला.

"वीतभरसुद्धा न्हाई राहिली, जोत्या. बोटभर म्हण."

"आता शेवटचं," जोतीराम म्हणाला. "आता मी मलाच लावतो."

कॅमेरामनला हसू आवरेना. "एडिटरचा शॉट? उद्या मग स्वयंपाकी नाचणार काय?" पण कॅमेऱ्यात थोडी फिल्म उरली होती, ऊनही होतं. त्यानं जोतीरामला चौकाच्या सेटवर उभं केलं.

"कुठं बघायचं?" जोतीरामनं विचारलं. शालन उजवीकडं बघते, म्हणजे आपण डावीकडं बघायला हवं; तरच दोघं समोरासमोर येतात. हा नियम त्यानं कित्येक नवशिक्यांना शिकवला होता.

"तू सांग. शहाणा तूच."

जोतीरामनं डावीकडं बघितलं. तिथं रंगवलेल्या पडद्याचा एक बांबू होता. त्या बांबूच्या जागी त्यानं शालन उभी केली आणि चेहऱ्यात जमेल तेवढं दूध आणलं.

तुकडा धुऊन आला. हातभर होता. "मशीनवर बघून तरी घे," बायजाक्का म्हणाली. पण स्वतःचं तोंड बघायची त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या खाली थोडा हेवाही होता. ज्याच्याकडं शालन अशी बघणार, तो हा माणूस. त्यानं तुकडा उताणा धरला, टोक शोधलं, शालनच्या शेवटच्या फ्रेमला पाणी लावलं. ती फ्रेम त्यानं एका झटक्यात खरवडली. सिमेंट. दाब. केळ्याचा वास. मग बापूसाहेबांना बोलावून त्यानं पायाखालची पट्टी दाबली.

काचेत शालन आली, उजवीकडं बघितलं. मग जोतीराम आला. त्यानंही उजवीकडं बघितलं.

मशीन थांबलं.

"दोघंही उजवीकडं?" बापूसाहेब म्हणाले. "हे चांगलंय. पण मग उजवीकडं आहे कोण?"

बायजाक्कानं मोजे काढून मांडीवर ठेवले. "जल्मभर पडद्याच्या ह्या अंगाला बसलास, लेका. त्या अंगाला उभं ऱ्हायलं की तुझा डावा हात पडद्याचा उजवा व्हतो. येवढं कसं इसरलास?"

जोतीरामनं पातं उचललं आणि शालनचा तुकडा उजेडात धरला. खरवडलेली फ्रेम सोडली तर नजरेची एकच उरली होती. जॉइंट उकलला असता तर तीही गेली असती. त्यानं पातं ठेवलं.

"पुढं काहीतरी लावायला लागणार," बापूसाहेब म्हणाले. "तुम्ही घरी जा. बघतो आम्ही."

तो निघाला तेव्हा ऊन कलतीला होतं. घराचं पुढचं दार उघडंच होतं. माजघर पूर्वीपेक्षा अरुंद झालं होतं. दोन्ही भिंतींच्या कडांना फिल्मला असतात तशा चौकोनी भोकांच्या रांगा होत्या आणि त्यातून परसातला उजेड येत होता. शालन मधोमध उभी होती. ओले हात पदराला पुसलेले होते. ती परसदाराकडं बघत होती, नजर हातभर असताना बघायची तशीच.

"शालन," जोतीराम म्हणाला, "इकडं बघ."

पण तिची फ्रेम संपली होती आणि त्याची सुरू झाली होती. माजघरात तो एकटा होता. त्याची मान परसदाराकडं वळलेली होती आणि चेहऱ्यात दूध भरत चाललं होतं. ते त्याला थांबवता येईना. दाराच्या पलीकडं बांगड्या वाजल्या. शालन कुणाशी तरी बोलत होती. न तुटता, न गाळता, सबंध वाक्यं बोलत होती, आणि पलीकडचा माणूस ऐकून घेत होता. तो कोण, हे बघायला जोतीरामला मान वळवायची गरजच नव्हती. तो तिकडंच बघत होता. दार लागलेलं होतं.

दूर स्टुडिओत त्याच्या नजरेपुढं लावायला खिळ्यावरून एक तुकडा काढल्याचा आवाज झाला. बायजाक्का गुणगुणू लागली.

दाराची कडी वर उचलली गेली. जोतीराम बघत राहिला, जन्मात कधी बघितलं नव्हतं तसं, आणि त्याच्या पावलांना आधी गार पाणी लागलं, मग पातं.