उभ्या-उभ्या थकलेलं पोलाद

आमच्या सहकारी भात गिरणीतली नवी मशीन सुरू झाल्यापासून अकराव्या दिवशी बंद पडली आणि तेराव्या दिवशी तिचा दोष चालक सोमाजीभाऊच्या डोक्यावर ठेवला गेला. मधला एक दिवस वाया गेला, कारण टाइपरायटरची फीत सापडत नव्हती.

त्याच्यावरच्या कागदात कामाची एकच ओळ होती. 'चालकाने ग्रीस न घातल्यामुळे बेरिंग जळून मशीन निकामी झाली.' बाकी सगळं 'सबब' आणि 'तरी'. सोमवारी संचालक मंडळाची सभा होती. सभेत सोमाजीला काढायचं, हा निकाल शनिवारीच चहाच्या टपरीवर पोचला होता. आमच्याकडे सभा निर्णय घ्यायला भरत नाही, घेतलेल्या निर्णयावर पोहे खायला भरते.

माझं नागभीडला स्टेशनच्या रस्त्यावर लेथचं दुकान आहे. मी खुर्शीद. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं भंगारातून शिकलो. रविवारी सकाळी सोमाजी सायकलवर आला, मागं अंजनाबाई बसलेल्या.

"खुर्शीदभाऊ, मी ग्रीस घातलं होतं."

"ठावं हाय मले."

"तुले कसं ठावं?"

"तू बायकोच्या डोक्याले तेल लावाचं विसरशीन, मशीनले नाई विसरत."

"माह्या डोक्याले यानं कधीच नाई लावलं," अंजनाबाई म्हणाल्या.

सोमाजी हसला नाही. बावीस वर्षं तो जुना हलर चालवत होता. धान सोलायची जुनी मशीन म्हणजे हलर. पट्टा निसटायच्या आधी सोमाजीला कळायचं. चालत्या मशीनवर तळवा ठेवून तो तिचा ताप सांगायचा.

"काढतीन तं काढू दे," तो म्हणाला. "मी कुठीबी राबून खाईन. पण कागदावर लिहून ठेवतीन ना, का सोमाजीनं मशीन मारली. बावीस सालात एक पट्टा नाई तुटला माह्या हातून. लोक मंतीन, जुनं लाकूड सांभाळाले बरा होता, नवी मशीन याच्या डोक्यात नाई शिरली. आन पुढचं जे मंतीन ते तोंडानं नाई मनत, डोळ्यानं मंतात."

पुढचं काय, ते मला सांगायची गरज नव्हती. त्याच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे आणि माझ्या दुकानात सातशे शहाऐंशी लिहिलंय. आम्हा दोघांनाही डोळ्यांची भाषा वाचता येते.

"जुन्या हलरच्या बेरिंगा काऊन नाई मेल्या मंग?" अंजनाबाईंनी विचारलं.

प्रश्न बरोबर होता. जुन्या हलरमध्ये बेरिंग नाहीतच. धावड्याच्या लाकडाचे बुश आहेत, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या जाड नळ्या. मी स्वतः कोरतो आणि मोहाच्या टोळीच्या, म्हणजे बियांच्या, तेलात दिवसभर उकळतो. लाकूड रोज थोडं झिजतं, आणि झिजतं ते सांगून. कुरकुरतं, सैल होतं, धूर सोडतं. वर्षाला बदलून टाका, भांडण नाही. पितळेचा बुश त्याहून टिकतो, पण त्याचे नखरे. तेल संपलं की शाफ्टला मिठी मारतो आणि सोडत नाही. पोलादाच्या बेरिंगचा स्वभाव आणखी निराळा. लाखो फेरे वरून आरशासारखी चमकते, आत मात्र थकत असते. मग एक दिवस खपली निघते, खपलीमागं खपली, आणि दोन दिवसांत खेळ खलास. झिजणं आणि थकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण थकायला फेरे लागतात. नवी बेरिंग अकरा दिवसांत थकत नाही. कोणीतरी तिला आधीच मारून ठेवलं असलं तर गोष्ट वेगळी.

"जे जळलं ते कुठी हाय?" मी विचारलं.

"अध्यक्षाच्या कपाटात. पुरावा मनून."

"आन शाफ्टच्या दुसऱ्या टोकाची बेरिंग?"

"ते मशीनीतच हाय. ते नाई जळली, मनून कोणी पाह्यलीच नाई."

मग मी काम उद्यावर ढकललं नाही. तिथंच ग्राइंडर पिशवीत टाकला.

सोमवारी सभा गिरणीतच भरली, दोन मशीनींच्या मधे खुर्च्या टाकून. अध्यक्ष गहाणे मधल्या खुर्चीत. माणूस वाईट नव्हता असं त्यांच्या घरचे लोक म्हणतात. शेजारी कंपनीचा नागपूरहून आलेला इंजिनियर, कुलदीप नावाचा, टाय बांधलेला. आमच्याकडे मे महिन्यात टाय बांधणारा माणूस एक तर इंजिनियर असतो नाही तर नवरदेव.

"खुर्शीद, तू कोणाच्या बोलावण्यानं आला?" गहाणे म्हणाले.

"गिरणीच्या बुशा कोण करते साहेब? तुमी?"

दोन संचालक हसले आणि मग कोणाचं मीठ खातो हे आठवून गप्प झाले.

कुलदीपनं कागद वाचला. ग्रीसचा अभाव, अतिउष्णता, चालकाची चूक. वाचून झाल्यावर तो म्हणाला की आता परदेशात चिनी मातीच्या गोळ्यांच्या बेरिंगा निघाल्या आहेत, त्या अशा जळत नाहीत.

"चिनी मातीच्या? बरणीच्या?" एका संचालकानं विचारलं.

"तशीच नाही, पण..."

"मंग सोमाजी तेबी फोडन," गहाणे म्हणाले. या वेळी सगळे हसले.

सोमाजी उभा होता. त्याला खुर्ची दिली नव्हती.

"जे मेलं ते काय पाहता?" मी कुलदीपला म्हटलं. "जळलेल्या मुडद्यावर मार कुठी बसला ते दिसते का? ते दुसऱ्या टोकाची काढा. एकाच शाफ्टवरच्या दोघी बहिणी हायेत. एकाच दिवशी आल्या, एकाच हातानं ग्रीस खाल्लं."

गहाणेंना ते नको होतं. पण कुलदीप तरुण होता आणि अजून बिघडला नव्हता. तो म्हणाला, बघायला हरकत नाही. मी आणि सोमाजीनं बेरिंग काढली. झाकण उघडताच आत पिवळं ग्रीस गच्च.

"हे कोणाच्या बापानं घातलं?" मी विचारलं.

मग बाहेरचं कडं ग्राइंडरनं कापलं. ठिणग्या उडाल्या तसे दोन संचालक खुर्चीसकट मागं सरकले. कडं पुसून मी कुलदीपच्या हातात दिलं. वरच्या अर्ध्या भागात काही नाही, आरसा. खालच्या भागात पाच खड्डे, तांदळाच्या दाण्याएवढे, ओळीत, सारख्या अंतरावर. मी आतल्या गोळ्या एकेक करून त्यावर ठेवल्या. पाच गोळ्या पाच खड्ड्यांत बसल्या, अंड्यावर कोंबडी बसते तशा. खड्ड्यांच्या कडेला ग्रीसमध्ये लाल भुकटी गोठलेली होती. दोन खड्ड्यांच्या कडांची खपली निघायला लागली होती.

"हातोडा मारला असन यानं," गहाणे म्हणाले.

"हातोड्याच्या खड्ड्यात चमक रायते साहेब. हे लाल हाय. हा गंज हाय. गोळी एकाच जागी कुजबुजत बसली, महिनोन्‌महिने, तवा असा निघते. फिरत्या बेरिंगीले हे होत नाई. उभ्या बेरिंगीले होते."

"उभी मशीन कशी झिजन बे?"

मी सोमाजीकडं पाहिलं. बोलायचं त्यानं होतं.

"दिवाळीत आली मशीन," सोमाजी म्हणाला. "याच फरशीवर, माह्या हलरपासून चार हातावर बोल्टानं कसली. मंत्री उद्घाटन करन मनून फीत बांधली. मंत्री डिसेंबरात येणार होते, नाई आले. संक्रांतीले येणार होते, आचारसंहिता लागली. होळीत चिमूरपर्यंत आले आन तिथून पलटले. शेवटी मागच्या महिन्यात येऊन फीत कापली. सहा महिने मशीन फीत बांधून उभी. आन माहा हलर बाजूले रोज दहा तास धडधड करून राह्यला."

"त्याचा याच्याशी काय संबंध?" गहाणेंनी विचारलं.

"चहा मागवा," मी म्हटलं.

चहा आला. मी एक भरलेली बशी नव्या मशीनच्या बेरिंगच्या घरावर ठेवली आणि सोमाजीला खूण केली. त्यानं हलर चालू केला. फरशी थरथरली. बशीतल्या चहावर बारीक बारीक वलयं उठली. मग बशी स्वतःच चालायला लागली, कड कड कड करत कडेपर्यंत गेली आणि अध्यक्षांच्या धोतरावर सांडली.

"बंद कर! बंद कर बे!" गहाणे उठले.

"दोन मिनिटंबी नाई झाली," मी म्हटलं. "सहा महिन्याचा हिशोब तुमीच लावा. शाफ्टचं वजन खालच्या पाच गोळ्यांवर, आन गोळ्या त्याच जागी थरथर करून ग्रीस बाजूले सारून पोलाद खात बसल्या. रोज हातानं चार फेरे फिरवले असते तं जागा बदलली असती."

"मी मनलं होतं," सोमाजी हळू बोलला. "दिवाळीच्या आठ दिवसानंच. साहेब, रोज थोडी फिरवून ठेवतो मनलं."

गहाणे धोतर झटकत होते. मी म्हटलं, "मंग साहेब काय मनले, ते सांग."

सोमाजीनं बेरिंगचं झाकण पुसायला घेतलं.

"सांग ना."

"साहेब मनले, मंत्र्याच्या हाताआधी तुहा हात लावून इटाळ करतं का मशीनीले."

संचालकांपैकी कोणी वर बघितलं नाही. एकानं पोह्यांची प्लेट मांडीवरून खाली ठेवली. तेवढीच त्यांची क्रांती.

कुलदीपनं घसा साफ केला. "मशीनसोबत पुस्तक दिलं होतं. त्यात लिहिलं आहे. मशीन उभी ठेवली तर शाफ्ट आठवड्यातून फिरवावा, दुसऱ्या मशीनशेजारी असेल तर रोज. पुस्तक कुठे आहे?"

पुस्तक अध्यक्षांच्या कपाटात होतं. आणलं. प्लास्टिकमध्ये बंद, वर हळदकुंकू आणि सुकलेलं झेंडूचं फूल. आतलं एकही पान उघडलेलं नव्हतं. दिवाळीला मशीनसोबत पुस्तकाचीही पूजा झाली होती, फक्त वाचायचं राहिलं होतं.

कुलदीपनं आपला छापील अहवाल घडी करून खिशात घातला. "मी नवीन लिहितो," तो म्हणाला. "चालकाचा दोष नाही, असं."

"तुमी काय लिहाचं ते लिवा," गहाणे म्हणाले, "पण मंत्र्याची वाट पाहण्यात मशीन गेली असं नका लिवू. मले तिकिटाचं पाहाचं हाय."

शेवटी ठराव झाला तो असा: मशीन नैसर्गिक कारणांमुळे बंद पडली, चालक सोमाजी यांच्यावरील कागद मागे घेण्यात येत आहे. माफी नाही. नैसर्गिक कारण म्हणजे काय हे मी विचारणार होतो, पण दारात येऊन उभ्या राहिलेल्या अंजनाबाईंनी तिथूनच मला डोळ्यांनी दाबलं.

नव्या बेरिंगा पंधरा दिवसांनी आल्या. बसवताना मी हातोडा जवळ येऊ दिला नाही. तेलात तापवून शाफ्टवर सरकवल्या, सोमाजीनं हातानं दाबून धरल्या. काम संपलं तेव्हा संध्याकाळचे चार वाजले होते. गहाणे आले, मागं एक माणूस, त्याच्या हातात नवी लाल फीत.

"अकरा दिवस चालून बंद पडली मनून पह्यलं उद्घाटन फुकट गेलं," गहाणे म्हणाले. "मंत्री पुन्हा येतो मनले. तारीख कळवतीन. बांध रे."

माणसानं पुलीपासून खांबापर्यंत फीत बांधली आणि फूल लावलं. जुना हलर बाजूला चालूच होता. नव्या मशीनच्या पत्र्यावर ठेवलेला माझा पाना हळूहळू थरथरत कडेकडं सरकत होता.

सोमाजीनं पान्याकडं पाहिलं. मग हात धोतराला पुसले नाहीत, काही नाही, तसेच ग्रीसचे दोन्ही हात पुलीवर ठेवले.

"सोमाजी," गहाणे म्हणाले.

सोमाजीनं पुली फिरवली. एक फेरा. फीत ताणली. दुसरा फेरा. फीत पुलीवर गुंडाळली गेली, खांबाकडून खर्रकन तुटली आणि फूल हलरच्या पट्ट्याखाली गेलं. तो थांबला नाही. तिसरा, चौथा.

"झालं उद्घाटन," मागून कोणीतरी हमालांपैकी बोललं.

"उद्घाटन नाई," सोमाजी पाठमोराच म्हणाला. "फिरवून राह्यलो."