आईच्या खोलीकडे उघडलेली वाट

मला कुणी शिकवलेलं खपत नाही, हे आधीच सांगून टाकतो. ताई म्हणाली होती, "इंटरनेटवाल्यांचा माणूस बोलाव." मी म्हणालो, "त्या माणसापेक्षा मला जास्त कळतं." मी गोदामात माल मोजणारा, पण घरातलं राउटर माझ्याच हातचं. ताई मला इंजिनिअरसाहेब म्हणून चिडवायची.

आई दिवसभर घरात एकटी. मोतीबिंदूमुळे तिला जेमतेम दिसतं, आणि मधुमेहाची दुपारची गोळी चुकवून चालत नाही. म्हणून पलंगासमोर बोलता येणारा कॅमेरा बसवला. रोज एक वाजता मी गोदामातून मोबाइलवर तिला बघायचो आणि म्हणायचो, "आई, जेवलीस ना? आता गोळी घे." ती उशाजवळची बाटली चाचपायची, गोळी घ्यायची, आणि मी कामाला लागायचो.

पण चित्र अडकायचं. आईचा हात तोंडाशी जाऊन तिथेच थिजायचा. गोळी घेतली की पडली, कळायला मार्ग नाही. महागडा प्लॅन घेतला, तरी येरे माझ्या मागल्या. मग एका व्हिडिओत पोर्ट फॉरवर्डिंगचा उपाय सापडला. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन कॅमेऱ्यासाठी एक वाट उघडी करायची, म्हणजे बाहेरून थेट त्याच्यापर्यंत पोहोचता येतं. व्हिडिओवाला म्हणत होता, नेट पळायला लागेल. नेट कसलं पळतंय, पण आईचं चित्र अडकायचं थांबलं. कॅमेऱ्याचा पासवर्ड खोक्यावर छापलेला होता तोच राहू दिला. "म्हातारीची खोली बघायला कोण येतंय?" असं मी ताईला म्हणालोसुद्धा.

काही दिवस सुखाचे गेले. एकदा संध्याकाळी बूट काढता काढता मी विचारलं, "गोळी घेतलीस?"

"घेतली रे बाबा, कितीदा घेऊ?" आई म्हणाली.

मला वाटलं, वैतागलीय. मी हातपाय धुवायला गेलो.

मग एका गुरुवारी चारनंतर ताई घरी आली, तेव्हा आई घामाने थबथबलेली होती आणि हाकेला ओ देत नव्हती. हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "साखर पार तळाला गेलीय. गोळ्या किती घेतल्या यांनी?"

"एकच," मी ठणकावून सांगितलं. "माझ्या डोळ्यांसमोर घेते."

ताईने पर्समधून बाटली काढून माझ्यापुढे धरली. महिनाभराच्या गोळ्या तिने स्वतः भरल्या होत्या. पंधरवड्यात चार उरल्या होत्या.

बाहेरच्या बाकावर बसून मी मोबाइलवर कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग काढलं. एक वाजता माझा आवाज. अडीचला परत माझा आवाज. साडेतीनला परत. तेच शब्द, आणि मागे बरोब्बर त्याच जागी गोदामातल्या फोर्कलिफ्टचा भोंगा. मी उघडलेल्या वाटेने कुणीतरी आत आलं होतं, माझं बोलणं टिपून ठेवलं होतं आणि आईला पुन्हा पुन्हा ऐकवत होतं. कशासाठी? गंमत म्हणून, दुसरं काय. आई दरवेळी मान डोलवून बाटली चाचपत होती. साडेतीनला तिने विचारलं, "परत?" उत्तर आलं नाही. थोडी थांबली आणि घेतली.

ताईनेही ते पाहिलं. ती उठून आत आईकडे निघून गेली. चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

पोर्ट बंद केलं, कॅमेरा उखडून फेकला. आई वाचली, पण उजवा हात नीट उचलत नाही, बोलताना शब्द शोधत बसते. मी रजा टाकून तिच्याजवळ असतो. काय घडलं ते तिला सांगायची माझी छाती होत नाही. गोळी तिच्या तळव्यावर ठेवतो, पण "घे" हा शब्द तोंडातून फुटत नाही. माझ्याच आवाजाची मला भीती वाटते.

काल तिने माझं मनगट धरलं.

"रागावलायस का रे? आता घरी असतोस, तर बोलत नाहीस. मधे कामावरून किती वेळा बोलायचास."

मी दुसऱ्या हाताने पाण्याचा पेला पुढे केला.

"एवढ्या गोळ्या कशाला, असं वाटायचं मला," ती शब्द जुळवत म्हणाली. "पण नाही म्हटलं, तर तू बोलायचा थांबशील, म्हणून घ्यायचे."