गोजरबाईंचा पहारा

पालेगावच्या सप्ताहात दुपारचा वीणेचा पहारा आण्णांचा. सप्ताह बसला की वीणा जमिनीला टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जायची, आणि देताना दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं, मग तो बिल्डर असो की हमाल. देवळाभोवती टॉवर उभे राहिले, पण हा रिवाज तसाच.

सगळे पंगतीला गेले होते. आण्णा डोळे मिटून नाम घेत उभे होते. इतक्यात खांबापाशी कुणीतरी सूर मिसळला आणि त्यांच्या अंगावर काटा आला. हा आवाज! तरुणपणी, भजनाला जातो असं घरी सांगून, तमाशाच्या तंबूत ऐकलेला!

गोजरबाईच. केस पिकलेले, हातात काठी. स्वतःच्या नावावर फड काढणारी त्या भागातली पहिली बाई. बैठकीच्या नावाखाली कलावंतिणींना बंगल्यावर बोलावणाऱ्या बड्यांची नावं तिनं भर तंबूत माइकवरून वाचली होती. आण्णांना तिच्यात संताचं धाडस दिसलं होतं; पण तमाशाच्या बाईत संत बघावा का, हे कोडं आजवर सुटलं नव्हतं.

"आता इथं जवळच, कॅम्प एकला लेकीकडं असते," त्या म्हणाल्या. "एक मागू? घटकाभर वीणा द्याल?"

आण्णा गडबडले. बाईमाणसानं वीणा घ्यायची नाही, असं देवळाच्या कमिटीचं म्हणणं. कळलं तर आपला पहारा जाणार. आणि पहारा गेला तर उरलं काय? त्यांनी दाराकडे पाहिलं.

"घ्या पटकन. कोणी नाहीय."

बाईंचे पुढं आलेले हात थांबले.

"कोणी नाही म्हणून देताय व्हय? चोरून बोलावणाऱ्यांकडं मी कधी गेले नाही, आण्णा. देवाकडं चोरून बरी जाईन!"

त्या जाऊन बायकांच्या बाजूला बसल्या. आण्णांचं नाम चुकू लागलं. आपण उपकार करत होतो की अपमान? भक्ती म्हणायची ही, की जुन्या तंबूची ओढ? पांडुरंगाकडे पाहिलं, तर तो कमरेवर हात ठेवून नुसता उभा.

पंगत उठली, मंडप भरला. पुढच्या पहाऱ्याचे रामभाऊ हात पुसत आले आणि मान वाकवून उभे राहिले.

"काय झालं? द्या ना!"

"थांबा रामभाऊ."

"आता काय मुहूर्त बघताय?"

बरोबर काय ते आण्णांना अजूनही कळत नव्हतं. तरी वीणा सांभाळत ते बायकांच्या बाजूला गेले आणि कीर्तनातल्यासारख्या खड्या आवाजात म्हणाले, "गोजरबाई, तुमचा पहारा आहे. उठा."

"अहो आण्णा!" मागून कमिटीचं कुणीतरी ओरडलं.

बाई काठी टेकत उठल्या. आण्णांनी वीणा त्यांच्या गळ्यात घातली आणि भरल्या मंडपात वाकून त्यांच्या पायांना हात लावला. वर बघायचा धीर होईना. तेवढ्यात त्यांच्या पावलांना बाईंची म्हातारी बोटं लागली.